मी समुद्राचं पाणी बंद केलं

प्रवासाबद्दल लिहितोय म्हटल्यावर लेकीनं फोनवरून अट घातली. गावाचं नाव लिहायचं नाही, संस्थेचंही लिहायचं नाही. "बाकी खरं खरं लिहा, अण्णा. टाकीचंसुद्धा." टाकीचं मी लिहिणारच होतो. ते गाळलं तर मागं उरतात एसटीचे धक्के आणि माशाचे काटे, आणि ते तुम्हाला कुठंही मिळतील.

आम्ही मूळचे शेंद्र्याचे. थोडी जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, उरलेली भाऊ कसतो. माझे वडील निजामाच्या काळात उर्दूत शिकले आणि पोलीस ॲक्शननंतर, मिसरूड फुटल्यावर, मराठी मुळाक्षरं गिरवायला बसले. मी कालव्याचे दरवाजे उघडण्यात आणि बंद करण्यात तीस वर्षं काढली, आता संभाजीनगरात राहतो. आणि माझी मुलगी अश्विनी दक्षिण कोकणात एका खाडीच्या तोंडाशी, विद्यापीठाच्या सागरी संशोधन संस्थेत, कालवांवर पीएच.डी. करते. कालवं म्हणजे खडकाला चिकटून वाढणारे शिंपले. आतला गर लोक आवडीनं खातात. बाप कालव्यावर, लेक कालवांवर, अशी पाव्हण्यांनी आमची भरपूर थट्टा करून झालेली आहे.

तीन पावसाळे ती तिकडं होती आणि मी एकदाही गेलो नव्हतो. ह्या दिवाळीला ती आलीच नाही. टाक्या सोडून निघता येत नाही म्हणाली. तेवढ्यात शहरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची जागा निघणार असल्याची पक्की खबर लागली. जूनपर्यंत पदवी हातात पाहिजे, एवढीच अट. लेक घरी येणार, आईच्या दुखऱ्या गुडघ्यांना हाताशी माणूस होणार, आणि मी सकाळी चौकात उभा राहून 'मॅडमला सोडायला चाललो' असं सांगणार. ही काही फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. मी पिशवी भरली. बायकोनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेच्याची बरणी दिली आणि निरोप दिला, "पोरीला म्हना, लई झालं आता समिंदर. घरी ये."

शुक्रवार

पुण्यापर्यंतचं सांगत नाही. पुढच्या घाटात काय झालं तेही सांगत नाही; शेजारच्या बाईंची माफी मागून झालेली आहे.

संस्थेच्या फाटकाशी मला अडवलं. "कोणाकडं?" "अश्विनीचा बाप." एवढं म्हटल्यावर पिशवी माझ्या हातातून गेली आणि चहा आला. आमच्याकडं साहेबाच्या बापाला असा मान मिळतो. ही तर अजून विद्यार्थिनी. मी चहा मुद्दाम सावकाश प्यालो.

मला वाटलं होतं मोठी इमारत असेल, लिफ्ट असेल. प्रत्यक्षात कौलारू छपराच्या तीन लांब खोल्या, एक धक्का, एक होडी आणि पंपाची खोली. पण काम बघण्यासारखं होतं. भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी ओढून उंचावरच्या टाकीत चढवतात, वाळूतून गाळतात, मग नळानं आत सोडतात. एका खोलीत ट्यूबलाइटखाली काचेच्या चंबूंची रांग, आत हिरवं पाणी बुडबुडतंय. मी म्हटलं शेवाळ झालंय, धुऊन टाका. अश्विनी हसली. ते शेवाळच पिकवतात, डोळ्यांना न दिसण्याइतकं बारीक. तो कालवांच्या पिलांचा चारा. आमच्याकडं बैलाला कडबा, तसं इथं.

संस्था चालते कशी, ते मी खात्यातला माणूस म्हणून बारकाईनं विचारून घेतलं. वर संचालक मॅडम. त्यांच्याखाली दोन शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ, होडी आणि पंप सांभाळणारा बाबल, आणि सहा विद्यार्थी. भिंतीवर कामाची यादी, आणि शेजारी भरती-ओहोटीचा तक्ता. काचेची भांडी धुण्याच्या पाळीत मॅडमचंही नाव होतं, आणि ती पाळी त्या खरंच करतात. मी डोळ्यांनी बघितलं. आमच्या खात्यात साहेबानं स्वतःचा डबा स्वतः धुतला असता तरी बाकीच्यांनी चौकशी केली असती, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून.

"ऑफिस किती वाजता उघडतं?" मी बाबलला विचारलं. पन्नाशीचा, काळाभोर, सडपातळ माणूस.

"हंय घड्याळाक कोण इचारणत नाय," तो म्हणाला. "भरती सांगता तसा करूचा."

अश्विनीचा प्रयोग शेवटच्या खोलीत, सहा टाक्यांत. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की खाडीचं पाणी गोडं होतं आणि कालवांची पिलं मरतात. किती गोडेपणापर्यंत ती तग धरतात, हे तिला शोधायचं होतं. तीन टाक्यांत नुसतं समुद्राचं पाणी, तीन टाक्यांत त्यात मोजून मिसळलेलं गोडं. आत तिळाएवढी पिलं, फरश्यांच्या तुकड्यांना चिकटलेली. ह्या खाडीतली कालवं वर्षातून ठरावीक दिवसांतच पिलं सोडतात. तेव्हा जमवायची, आणि पाच महिने, एक दिवसही न चुकता, वाढ मोजायची.

"हे कोनाला पाह्यजे?" मी विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता.

तिनं मला धक्क्यावर नेलं. तिथं सुलभाकाकी बसल्या होत्या, समोर पाटी, हातात लहान कोयती. त्यांच्यासारख्या गावातल्या बायका खाडीत दोऱ्यांवर कालवं वाढवतात. काकी मला म्हणाल्या, "मागच्या पावसात माजी सगळी कालवां मेली. गोडा पाणी जास्त झाला. आता तुमचा चेडू सांगतला, दोरये कधी उचलून खोल पाण्यात न्हेवचे ता." चेडू म्हणजे पोरगी. "आमच्यावांगडा गुडघाभर चिखलात उतारता. नाकाक पदर लावणा नाय." आमच्यावांगडा म्हणजे आमच्याबरोबर.

माझी पोरगी. जिला लहानपणी चिखलात पाय घालायला लावलं की घर डोक्यावर घ्यायची.

तिन्हीसांजेला धक्क्यावरच मी कॉलेजचं सांगितलं. ती बोटांवर महिने मोजायला लागली. मला वाटलं, नको म्हणते की काय. मग म्हणाली, "मार्चात टाक्यांचं काम संपतं, अण्णा. जूनला व्हतंय." आणि लगेच आईला फोन लावला. दोघी एकदमच बोलत होत्या. कोण काय म्हणतंय कळत नव्हतं. इतकी खूश मी तिला दहावीच्या निकालालाही पाहिली नव्हती.

जेवायला तांदळाची भाकरी होती, पांढरीशुभ्र आणि मऊ. आपल्या ज्वारीची सर नाही, पण वाईट नाही. बांगड्याचा काटा माझ्या घशात अडकला आणि पाच माणसांनी पाच उपाय सांगितले. त्याचा सूड म्हणून मी ठेच्याची बरणी उघडली. दोन शास्त्रज्ञांपैकी एक, रसायनाचे सर, यांनी एक घास घेतला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

शनिवार

आता टाकीचं.

ओहोटीला अश्विनी आणि मॅडम पाण्याचे नमुने घ्यायला बाबलबरोबर होडीतून गेल्या. मी जेवून पडलो, झोप येईना, उठून हिंडत हिंडत टाक्यांच्या खोलीत गेलो. आत कोणी नव्हतं. सहाही टाक्यांत वरून नळ धो धो चालू होते. टाक्या काठोकाठ भरलेल्या, पाणी खाचेतून ओसंडून गटारात, आणि गटारातून सरळ समुद्रात.

मी उभा राहिलो आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला. हे तुम्हाला, आपल्या भागातल्या वाचकांना, समजावून सांगायला नको. आमच्या कॉलनीत नळाला पाणी आठवड्यानं येतं. 'नळ आले' एवढे दोन शब्द ऐकून मी लग्नाच्या पंगतीतून उठून घरी आलेलो आहे. शेजाऱ्याची टाकी वाहत असली तर आम्ही दार वाजवतो, मग त्याच्याशी आमचं बोलणं असो वा नसो. आणि इथं सहा-सहा नळ मोकळे सोडून लोक होडीत फिरायला गेले होते.

भिंतीलगत मोठ्या पाइपला चाकाचा व्हॉल्व्ह होता. पाटी वगैरे काही नव्हती. ते बरोबरच होतं, कारण त्या खोलीत वाहतं पाणी बंद करावं असं आजवर कोणाच्या मनात आलं नसणार. मी चाक फिरवलं. तीस वर्षं जो हात दरवाजे फिरवत आला, त्याला सांगावं लागत नाही. सगळे नळ थांबले. तीन टाक्यांत दुसरी एक बारीक नळी तेवढी वाहत राहिली. तिला चावी सापडेना, म्हणून सोडून दिली. दरवाजा फिरवला की वेळ बघायची, ही जुनी सवय. दोन वाजले होते. मी बाहेर येऊन उंडीच्या झाडाखाली बसलो आणि, खोटं कशाला बोलू, आल्यापासून पहिल्यांदा मला आपण कामाचे आहोत असं वाटलं.

पावणेचारला होडी परतली आणि आतून बाबलचा आवाज आला, "व्हॉल कोणी बंद केल्यान?"

मी ऐटीत आत गेलो. "म्या केला. कवाचं वाया चाललं व्हतं पानी."

बाबलनं चाक उलटं फिरवलं आणि धक्क्याकडं पळत सुटला. त्या वयाचा माणूस असा पळताना बघितला तेव्हा मला कळलं, आपलं काहीतरी चुकलंय.

अश्विनी ओल्या कपड्यांनीच आली. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत ती काचेच्या यंत्रानं खारटपणा बघत गेली. मग मला सांगितलं, न ओरडता. ते पाणी वाया जात नव्हतं. समुद्रातून येऊन समुद्रात जात होतं, आणि वाहतं होतं म्हणूनच पिलं जगत होती. मी बंद केलं ते खारं पाणी. वाहत राहिली ती गोड्या पाण्याची नळी. पावणेदोन तास तीन टाक्यांत नुसतं गोडं पाणी पडत राहिलं, आणि खारटपणाच्या ज्या एका आकड्यावर ते पाणी दोन महिने धरून ठेवलं होतं, तो आकडा मोडला.

"पिलं मेली का?" मी विचारलं.

"थोडी. बाकीची तोंडं मिटून बसली. वरून बघितलं तर काहीच झालं नाही."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात ती कोपऱ्यातल्या टेबलाशी गेली. तिथं दोरीनं बांधलेली एक जाड वही असते. टाक्यांच्या खोलीत जे जे घडेल ते त्यात लिहायचं, शाईनं. खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. तिनं वेळ विचारली, मी सांगितली. तिनं लिहिलं ते मी चष्मा लावून वाचलं. दुपारी दोन ते पावणेचार खाऱ्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, गोडं पाणी चालू. टाकी चार, पाच, सहा. बंद करणारे : माझे वडील. कारण : पाणी वाया जातंय असं त्यांना वाटलं. मी त्यांना आधी सांगितलं नव्हतं.

मी आवाज खाली आणला. "आशू, हे कामून लिहायलीस? पिलं जित्ती हायेत. खारटपना उद्यापर्यंत येईल ना जाग्यावर? कोनाला काय कळतंय. बाबलला म्या सांगतो."

ती माझ्याकडं वळली. "अण्णा, तुम्ही कालव्यावर रोज पाण्याची पातळी लिहायचात. कधी घरी बसून लिहिली का?"

आता हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला ताप आला होता आणि चार दिवसांचे आकडे मी अंथरुणात बसून अंदाजानं भरले होते. खोटं बोलायचं तोंडावर आलं होतं. पण पोरगी बघत होती. मी म्हटलं, "व्हय. एकडाव."

"मग त्या आकड्यांवर कोणीतरी पाणी सोडलं असेल."

सोडलं होतं. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचलंच नाही, आणि तिथल्या एका म्हाताऱ्यानं कचेरीत येऊन नुसतं विचारलं होतं, वहीत तर पाणी होतं, मग ते गेलं कुठं? मी शेजारच्या टेबलाशी मान खाली घालून बसलो होतो. ते सगळं मी लेकीला त्या खोलीत उभ्या उभ्या सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, उपदेश केला नाही. वही मिटली आणि मेलेली पिलं मोजायला बसली. रविवारचा अख्खा दिवस ती तेच करत होती आणि मी तिच्यासाठी चहा नेत होतो.

सोमवार

दर सोमवारी सकाळी सगळी संस्था एका खोलीत बसते. खुर्च्यांना क्रम नाही. बाबल मॅडमच्या शेजारी बसला होता. बैठकीची सुरुवात चुकांनी होते. गेल्या आठवड्यात ज्याच्या हातून जे चुकलं ते त्यानं स्वतः सांगायचं, आणि तोवर बाकीच्यांनी बोलायचं नाही. बाबलनं सांगितलं, होडीचा दोर नीट बांधला नव्हता, बाजू घासली. मॅडमनी सांगितलं, एका विद्यार्थ्याचा अर्ज टेबलावर पडून राहिला, त्याला त्रास झाला. मी ज्या खात्यात केस पांढरे केले तिथं अशी बैठक भरली असती तर पहिला तासभर नुसतं एकमेकांकडं बघण्यात गेला असता.

मग अश्विनीनं वहीतला मजकूर वाचला. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही.

रसायनाचे सर भले माणूस. ते म्हणाले, "पिलं बहुतेक ठीक दिसतायत. झालं ते एका टिपेत लिहू आणि पुढं जाऊ. जूनचं तिचं काम अडायला नको." जूनचं सगळ्यांना माहीत होतं, कारण शुक्रवारी जेवताना मीच ते दोनदा सांगितलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "टाक्या अश्विनीच्या आहेत. ठरवायचं तिनं."

मी देवाला नव्हे, पोरीलाच मनातल्या मनात हात जोडले. हो म्हण. सर म्हणतात तसं कर.

वहीवर हात ठेवून ती म्हणाली, "नको, सर. वाचलेली पिलं आता आधीची राहिली नाहीत. त्यांना किती गोडं सोसतं ते मी सांगितलं तर ते खरं नसेल. आणि त्या आकड्यावर सुलभाकाकी पावसात दोऱ्या उचलणार. मी पुढच्या हंगामात पहिल्यापासून करते."

पुढचा हंगाम म्हणजे पुरतं एक वर्ष. जून गेला, कॉलेज गेलं, बायकोनं मनात रचलेलं सगळं गेलं. आणि घालवलं कोणी, तर ते सांगायला जो पाचशे-सहाशे किलोमीटर एसटीत बसून आला, त्यानंच. मला खूप वाईट वाटलं. पण त्याच घटकेला छाती अशी भरून आली, की मला उठून उभंच राहावं लागलं.

"म्या बोलू का?" मी विचारलं. मॅडमनी मान हलवली.

"तीस वर्षं पानी सोडायचं आन् बंद करायचं, येवढंच केलं म्या. पानी कधी बंद करायचं नस्तंय, हे इथं येऊन कळलं. काम माझ्या हातानं मोडलं. पोरगी म्हनती तेच बराबर हाये. वरीस गेलं तर जाऊ द्या." एवढं बोलून मी खाली बसलो.

मॅडमनी वही माझ्यापुढं सरकवली आणि स्वतःचं पेन काढून दिलं. "ज्याच्या हातून घडलं त्याची सही लागते इथं." अश्विनीच्या अक्षराखाली मी सही केली. आयुष्यात पुष्कळ ठिकाणी सह्या केल्या, इतक्या जपून कुठंच केली नाही.

स्टँडवर ती सोडायला आली. "आईला काय सांगाल?"

"सांगतो, म्या अडवलं. आन् तू कामून थांबलीस ते बी सांगतो."

ती रडली. मी नाही रडलो, निदान एसटी वळणापर्यंत जाईस्तोवर.

परत

बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं लेकीला फोन केला आणि बराच वेळ नुसतं "हं, हं" करत ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, "पोरीचं खरं हाये. तुमचंच डोकं कुटं गेलं व्हतं?" आणि जेवायला वाढलं.

परवा क्रांती चौकात सलीमभाई भेटले. कालव्यावर आम्ही वीस वर्षं बरोबर होतो. कॉलेजची खबर पहिल्यांदा त्यांनीच आणली होती. "क्या जी, बेटी कब आरी?"

"अगले साल," मी म्हणालो. "मेरी वजह से." आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून सगळं सांगितलं, व्हॉल्व्ह, वही, सोमवार, सही. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "इत्ता नुकसान हुआ, और तुम खुश कायकू दिखरे?"

मी त्यांना सांगितलं : सलीमभाई, आमच्या सात पिढ्यांत शास्त्राच्या वहीत नाव आलेला मी पहिला माणूस. आलं ते चुकीखाली आलं. पण ते माझ्या लेकीनं लिहिलंय, आणि लिहिताना तिनं बापालासुद्धा सोडलं नाही.